कशावरूनबाई

त्यांना इतिहासाच्या बाई म्हणायचं ते फक्त वेळापत्रकात. मुलांच्या तोंडी त्या कशावरूनबाई. कुणी काहीही सांगितलं, मग तो एखाद्या राजाचा पराक्रम असो की गृहपाठाची वही पाण्यात पडल्याची कहाणी, बाई चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कशावरून?" नवी मुलं पहिले आठ दिवस गांगरत. मग त्यांना त्याची चटक लागे आणि ती घरी जाऊन बापाला तेच विचारत. अशा दोन-तीन बापांनी शाळेत येऊन तक्रारही केली होती.

बाकीचे शिक्षक पाठाचं टाचण वर्षानुवर्षं तेच उतरवून काढत. गणिताचे सर तर म्हणत, "दोन आणि दोन गेल्या वर्षीही चारच होते." बाई मात्र संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची भाजीची टोपली बाजूला सारून टाचण नव्यानं लिहायला बसत. सुरुवातीला मुलांना गोंधळात टाकायचं. मग एकाच घटनेबद्दल दोन माणसांनी सांगितलेल्या दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवायच्या. मग आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणंही त्या टाचणात लिहून ठेवत, कारण त्यांना सगळ्यात जड तेच जाई.

"घंटा व्हायच्या आत वर्गात भांडण झालं नाही, तर माझा तास फुकट गेला," त्या नवऱ्याला सांगत. नवरा बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचा. एखादा दिवस भांडणाशिवाय गेला की त्याला सुटल्यासारखं वाटायचं. सासूबाईंचं तसं नव्हतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांचे कान तिखट होते आणि जीभ त्याहून तिखट.

त्या वर्षी शाळेची पंचाहत्तरी होती. संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेचा छापील इतिहास तयार करून घेतला आणि हुकूम सोडला की नववीच्या वर्गात तो धड्यासारखा शिकवायचा, शब्दालाही धक्का न लावता. शाळा त्यांच्या आजोबांनी काढलेली. बाईंनी ती पुस्तिका संध्याकाळी टेबलावर मोठ्यानं वाचायला घेतली. "स्थापनेच्या पहिल्याच दिवसापासून शाळेची दारं मुलामुलींना सारखीच उघडी होती," या वाक्यापाशी भाजी निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

"काय म्हणालीस? परत वाच."

बाईंनी परत वाचलं.

"दारं उघडी होती म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "मी पाच वर्षं खिडकीखाली उकिडवी बसून शिकले, ती काय हौस म्हणून? आमच्या आया फाटकात आडव्या बसल्या, दोन दिवस शाळा भरू दिली नाही, तेव्हा कुठे आम्हाला आत घेतलं."

बाई इतकी वर्षं या घरात होत्या, पण हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. "आई, हे कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं कधी? तुझा सगळा वेळ राजे-महाराजांत."

हा टोला बाईंना वर्मी लागला. त्यांनी लिहिलेलं टाचण फाडलं आणि नवं सुरू केलं. नवऱ्यानं वाकून पाहिलं. पहिल्याच ओळीत आपल्या आईचं नाव दिसताच तो म्हणाला, "अगं, अध्यक्ष स्वतः तो तास बघायला येणार आहेत ना?"

"येऊ देत. शेवटच्या बाकावर जागा आहे."

त्या दिवशी अध्यक्ष आले, सोबत मुख्याध्यापकही आले. मुख्याध्यापक मनाचे चांगले, पण निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, त्यामुळे प्रत्येक पाऊल फुंकून टाकणारे. वर्गात टेबलाशेजारी खुर्चीवर एक म्हातारी बसलेली पाहून त्यांच्या कपाळावर घाम आला.

बाईंनी पुस्तिकेतलं ते वाक्य फळ्यावर लिहिलं, अगदी जसंच्या तसं. मग म्हणाल्या, "या माझ्या सासूबाई. त्या याच शाळेत शिकल्या. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. नीट ऐका, आणि मग दोघांनाही प्रश्न विचारा. फळ्यावरच्या वाक्यालाही आणि यांनाही."

सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली. खिडकीखालची जागा, उन्हाची तिरीप, आतून ऐकू येणारे पाढे, फाटकात बसलेल्या आया. त्या म्हणाल्या, "ती खिडकी हीच," आणि त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "आजी, कशावरून? हा भाग नंतर बांधलाय. बाहेर दगडावर साल कोरलेलं आहे. तुमच्या वेळी ही खिडकी नसणार."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटं बोलते?"

शेवटच्या बाकावर अध्यक्ष किंचित हसले. बाईंनी ते पाहिलं. घरच्या माणसाला सावरून घ्यावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण टाचणात या ठिकाणी गप्प बसायचं असं लिहिलेलं होतं, आणि त्या गप्प बसल्या.

उत्तर दुसऱ्याच एका मुलीनं दिलं. "खोटं नाही म्हणत, आजी. खिडकी चुकली असेल. पण त्यावरून सगळंच चुकलं असं होत नाही."

"मग कळणार कसं?" कुणीतरी विचारलं.

"व्हरांड्यात फोटो आहेत ना, दर वर्षाचे," खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला.

फोटो होतेच. कित्येक वर्षं त्या भिंतीवर लटकत होते आणि त्यांच्याखालून सगळे रोज डबे खात जात होते. बाईंनी दार उघडलं आणि अख्खा वर्ग व्हरांड्यात गेला. मागोमाग मुख्याध्यापक आणि नाइलाजानं अध्यक्षही. मुलांनी पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. पहिल्यात मुलगे. दुसऱ्यात मुलगे. पाचव्यापर्यंत मुलगेच. सहाव्यात कडेला, एकमेकींना चिकटून चार मुली.

सासूबाई काठी टेकत पुढे झाल्या आणि चष्मा काचेला लागेपर्यंत वाकल्या. "ही शेवटची, डोळे मिटलेली, ती मी. फोटोवाल्यानं सांगितलंच नाही की आता काढतोय."

मुलं हसली. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "फोटोच्या दिवशी मुली गैरहजर असतील. त्यावरून एवढा निष्कर्ष काढायचं कारण नाही."

"पाचही वर्षं, सर?" मघाशी आजींना 'कशावरून' विचारणारी मुलगी म्हणाली. ती उद्धटपणे बोलली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

वर्गात परतल्यावर एका मुलानं अध्यक्षांची बाजूही घेतली. शेवटी दार उघडलं ते संस्थापकांनीच, ते त्यांनी मनात आणलं असतं तर बंदही ठेवलं असतं, असं त्याचं म्हणणं. बाईंना तो मुद्दा पटला आणि त्यांनी तो फळ्यावर लिहायला लावला. वर्गात चांगलं खडाजंगी भांडण जुंपलं. घंटा झाली तरी कुणी उठेना. अध्यक्ष मात्र केव्हाच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. "बाई, सोमवारपासून नववीचा इतिहास खेळाचे सर घेतील. तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

"का?"

"वरून आलंय."

"मग लेखी द्या, सर. कारणासकट."

"अहो, लेखी कशाला? आपापसातली गोष्ट आहे."

"मी इतिहास शिकवते, सर. तोंडी ऐकलेलं माझ्याकडे अर्धंच चालतं, ते तुम्ही काल पाहिलंत. कागद द्या, मी निमूटपणे ग्रंथालयात जाते."

मुख्याध्यापकांनी अध्यक्षांना फोन लावला आणि पाठ फिरवून बराच वेळ हळू आवाजात बोलले. लेखी द्यायचं तर कारण लिहावं लागणार, आणि जे खरं कारण होतं ते कागदावर उतरवायची छाती कुणाचीच नव्हती. उद्या तोच कागद ही बाई पोरांपुढे ठेवेल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी खेळाचे सर गळ्यात शिट्टी अडकवून नववीच्या दारात आले. बाई आत शिकवत होत्या.

"बाई, मला पाठवलंय," ते अवघडून म्हणाले. "तसं इतिहासातलं मला एवढंच कळतं, की तो होऊन गेला."

"बसा ना. मागे जागा आहे."

सर थोडा वेळ खरंच बसले. मग मैदानावर निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. कागदही आला नाही. बाई दर आठवड्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत डोकावून विचारत, "आलं का पत्र?" ते मान खाली घालून फायली चाळत.

म्हणून बाई जिंकल्या असं कुणी समजू नये. पुस्तिका त्या वाक्यासकट तशीच वाटली गेली. समारंभात त्यांना व्यासपीठावर तर नाहीच, पहिल्या रांगेतही जागा नव्हती. सासूबाईंना आमंत्रण नव्हतंच. पण त्या नवऱ्यामागे, म्हणजे बाईंच्या नवऱ्यामागे लागल्या, आणि जन्मभर भांडणापासून चार हात लांब राहिलेला तो माणूस आईला हाताला धरून घेऊन आला. भाषणं चालू असताना म्हातारी व्हरांड्यात सहाव्या फोटोखाली खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सगळं सांगत राहिली. खिडकीचं मात्र आता ती म्हणे, "कुठली ते नक्की आठवत नाही, पण खिडकी होती." मुलगा बाजूला उभा राहून मान डोलवत होता.

दोन वर्षांनी मुख्याध्यापक निवृत्त झाले. त्या खुर्चीवर हक्क बाईंचा होता. ती मिळाली त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या भूगोलाच्या सरांना. त्या दिवशी घरी बाई जेवल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "रडायचं तर रडून घे, पण उद्या रजा टाकू नकोस. त्यांना तेच हवंय."

बाईंनी रजा टाकली नाही. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं की प्रत्येक टाचण आधी त्यांच्या सहीसाठी यावं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी नेऊन ठेवलं. 'उद्दिष्ट' असं छापलेल्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: विद्यार्थ्यांनी पुस्तकाशी, आणि जमल्यास माझ्याशीही वाद घालावा.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे बदलता येईल का, बाई?"

"नाही."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग सही केली. बाईंनी टाचण उचललं, खडूची पेटी काखेत मारली आणि त्या वर्गाकडे निघाल्या.