ठिपक्यांची चाल

प्रयोगशाळेतल्या ताई उद्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या मनात एकच हौस उरली होती. ठिपके चालताना बघायचे.

उभा जन्म त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी जपल्या. बाहेरची खबर पकडायला या पेशींच्या अंगावर ग्राही असतात. ताई त्यांना हिरवा रंग चढवत, की ते ठिपक्यांसारखे चमकत. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम औषध सोडत. त्याने पेशीच्या पोटात रासायनिक निरोपे धावत सुटत आणि अंगभर पांगलेले ग्राही सरकत सरकत एका टोकाला गोळा होत. पण पेशी थिजवून मगच बघायची इथली पद्धत. त्यामुळे ताईंनी पाहिलं ते आधीचं नि नंतरचं. मधली चाल कधीच नाही.

जिवंत पेशी दाखवणारा सूक्ष्मदर्शक उसना आणला होता, तोही आज परत जायचा होता. न्यायला आलेला माणूस खोका उघडून दारातच बसला होता. शेजारी ताईंचे यजमान. पेशाने शिंपी, बायकोला घरी न्यायला आलेले.

मॅडमनी ताईंना खुर्चीत बसवलं, औषध सोडलं. ठिपके ढिम्म. ताईंचा चेहरा पडला. मग त्यांची नजर टेबलावरच्या बाटलीवर गेली. थिजवायचं औषध! पेशी तयार करताना ताईंच्या सवयीच्या हाताने आपलं काम चोख बजावलं होतं. मेलेल्या पेशीत निरोपे धावणार कसे? ताईंना हसू फुटलं, ते आवरेचना. मॅडम तर टेबल धरून हसत होत्या.

नळीच्या तळाशी चिमूटभर पेशी उरल्या होत्या. ताईंनी बाटली यजमानांच्या हाती दिली.

"अहो, मी मागितली तरी देऊ नका."

पुढच्याच मिनिटाला ताईंचा हात आपसूक बाटलीसाठी मागे आला. यजमानांनी बाटली पाठीशी लपवली.

औषध पडलं. एक ठिपका हलला. मग शेजारचा. मग सगळेच निघाले, जणू आतून कुणी हाळी दिली होती. ताई खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारू लागल्या. एक आळशी मागेच रेंगाळलाय, अगदी तुमच्यासारखा, असं त्यांनी यजमानांना कळवलं.

"आता मला बघू दे की."

"थांबा हो. तो पोचू दे आधी."

खोकेवाला केव्हाच उठून मागे येऊन उभा राहिला होता.

"पोचला का?" त्याने विचारलं.