मागून येणारीचं बसणं

चेन बदलून देण्यात तिचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला चेनवाल्या काकू म्हणत. जिन्याखालची खोली, शिवणाचं मशीन आणि समोर भिंत. पँटी आखूड करण्यात आणि बॅगांच्या चेनी बसवण्यात उमेदीची वर्षं गेली. कित्येक दिवसांची एक लांबची डोंगरवाट एकदा पुरी चालायची, हे खूळ तिचंच. नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा, जन्मभर दारोदार चाललेला. तो तयार झाला आणि धाकट्या भावालाही घेऊन आला. झालं, तिचं खूळ दोघा भावांची मोहीम झाली आणि ती उरली शेपटाला.

त्या दिवशीचा टप्पा सगळ्यांत लांब होता. दोन डोंगर ओलांडायचे, मग मुक्कामाची खोली. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने जाहीर केलं होतं, "उद्याही मागे पडलीस तर परवा बसने घरी जा. आमचा खोळंबा होतो."

अर्धी वाट सोडून पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसायचं, या विचाराने तिने पहाटे सगळ्यांच्या आधी बूट चढवले होते.

पहिल्याच चढाला तिचे पाय भरून आले. दोघे भाऊ ढांगा टाकत दिसेनासे झाले. खडकांवरचे वाटेच्या खुणेचे पिवळे पट्टे बघत ती चालत राहिली. बऱ्याच वेळाने दोघे एका बांधावर पहुडलेले दिसले. त्यांचं खाणंपिणं उरकलं होतं. तिने धापा टाकत पाठीवरची पिशवी उतरवायला हात घातला, तोच नवरा पँट झटकत उठला. "आलीस? चला."

"वहिनी, हे तर काहीच नाही, खरा चढ पुढे आहे," दीर म्हणाला. याला धीर देणं म्हणतात अशी त्याची समजूत होती.

पुढच्या थांब्यावर तेच. त्याच्या पुढच्या थांब्यावरही तेच. जो आधी पोचतो तो ऐसपैस बसतो, आणि जो मेला दमून येतो त्याला टेकायलाही मिळत नाही, हा कुठला न्याय? तिला त्यात नवल वाटलं नाही. घरीही सगळ्यांचं आटोपून ती ताटावर बसली की कुणाला तरी पाणी हवं असायचं. नवल एवढंच, की इतकी वर्षं तिला त्याचा राग आला नव्हता आणि आज आला. चांगला सणसणीत आला.

दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी दोघे झाडाखाली बसले होते. दिराने बूट काढले होते. तिला पाहून नवरा उठायला लागला. तिचे गुडघे ठणकत होते, पण ती थांबलीच नाही.

"अगं, कुठे?"

"पुढे. तुम्ही या सावकाश."

मशीनवर जाड कापड आलं की ती हाताने चाक फिरवून एकेक टाका घ्यायची. तशीच ती चढ चढली. दम लागला की हवं तिथे बसायची, मागून आवाज आले की उठायची. शेवटी माथा आला आणि ती दगडावर कोसळलीच.

नवरा आला तो तिला गाठायच्या नादात लालबुंद होऊन, धापा टाकत. "आलात? चला," असं म्हणायचं तिने सगळ्या चढभर घोकलं होतं.

"जरा बसू दे गं," तो म्हणाला.

उठायचं त्राण तिच्यातही नव्हतं. ती बाजूला सरकली.

धाप ओसरल्यावर त्याने विचारलं, "तुला दर वेळी असंच होतं?"

"हो."

"मग सांगायचं नाही का?"

"बोलायला श्वास कुठे उरतो?"

तेवढ्यात दीर लंगडत वर आला. नवरा सवयीने पँट झटकत अर्धा उठला. "आलास? च..." आणि तसाच खाली बसला.

"बस," तो भावाला म्हणाला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "बसने जायचं राहू दे. उद्यापासून तू पुढे चाल. आम्ही येतो तुझ्या चालीने."

तिला खरं तर हसायचं होतं. पण ती इतकी दमली होती, की रडूच आलं.