नमुन्याच्या मागाशेजारी

बाळांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाच्या मोबाइलवर 'उद्या पहिल्या पाळीला हजर राहावे' असा निरोप आला आणि त्याने लगेच फोन केला, "आजी, मला कारखान्यात कुणी लावलं?" तेव्हा मी नुसती हसले. पण हे तुम्हा सगळ्यांना नीट लिहून कळवायला हवं, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आपल्या टॉवेलच्या कारखान्यात पाळ्या, सुट्ट्या, निरोप यांच्यासाठी तुमची आत्या ॲप आणत होती. ते कामगारांच्या हातात देण्याआधी टेस्ट सर्व्हर उभा करा, असं पुण्याच्या प्रोग्रामरने सांगितलं. म्हणजे एक वेगळा संगणक. त्यावर हव्या तेवढ्या चुका कराव्यात, खऱ्या कामाला धक्का लागत नाही. मला ते लगेच पटलं. आपल्याकडे नवं डिझाइन आधी कोपऱ्यातल्या जुन्या नमुन्याच्या मागावर विणतात, मगच बाकीच्या मागांवर चढवतात. आत्याने संगणक त्याच मागाशेजारी ठेवला.

प्रोग्रामर म्हणाला होता, खोटी नावं आणि खोटे नंबर भरा. पण नमुन्यालाही खरं सूतच वापरायचं, ही आपल्या कारखान्याची रीत. "खोट्या सुतावर काय कळणार?" असं म्हणून आत्याने कामगारांची खरी नावं, खरे नंबर भरले.

दुपारी, मराठी अक्षरं मोबाइलवर नीट उमटतात का ते बघायला, तिने तयार निरोपांतला पहिलाच धाडला. कारणाची जागा कोरी ठेवली. सगळ्यांना एवढंच गेलं: 'कारखाना बंद आहे. कारण:'

मी ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांची इंग्रजी पत्रं तपासत होते. दुसऱ्या पाळीचे लोक वेळेआधीच फाटकावर जमले. आत माग धडधडत होते, तरी कुणाचा विश्वास बसेना. आपले बरेचसे विणकर तेलुगूभाषक, त्यांचं तेलुगूत भराभर बोलणं चाललं होतं. मला खुर्चीत बसवेना. दारापर्यंत जायचे, परत यायचे, पेनाचं टोपण काढायचे, लावायचे. ही माणसं बिथरून दुसरीकडे गेली तर कारखाना खरंच बंद पडला असता.

शेवटी आत्या फाटकाशी गेली, मीही तिच्यामागे गेले. टॉवेलची शिलाई करणाऱ्या मावशी तिच्यापुढे आल्या. "ताई, बंद म्हंजे कायमचं का वो?"

"नाही हो मावशी, चाचणी होती. चुकून गेलं," आत्या म्हणाली.

"माज्या सासऱ्याला गिरणी बंद झाल्यालं गेटावरच्या कागदानं कळलं. आमाला मोबाइलवर कळवताय व्हय?"

"सुधारणा हाय की!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण ते हसणं मला बरं वाटलं नाही.

"मावशी, ते नुसतं करून बघायचं मशीन आहे."

"मग करून बगायला तुमच्या घरची नावं घाला की. आमची कशाला?"

 आत्या सगळ्यांना आत घेऊन आली, त्यांच्यादेखत एकेक नाव पुसलं आणि मला म्हणाली, "आई, घरची सांग." मी आधी माझं सांगितलं, मग तुमची, वयाप्रमाणे. तिने तोच निरोप पुन्हा धाडला. तुमच्याकडे परदेशात तेव्हा पहाट होती, कुणी पाहिलाही नसेल. माझ्या हातातला मोबाइल वाजला: 'कारखाना बंद आहे. कारण:'

निरोप धाडताना आत्याचं बोट मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी खिडकीशी गेले आणि माग चालू आहेत ना, ते ऐकलं.

मावशी माझ्याकडेच बघत होत्या. "लागलं न्हवं काळजात?" म्हणाल्या आणि डबा उचलून शिलाईकडे गेल्या. त्यांच्यामागोमाग बाकीचेही कामाला लागले.

ॲप आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, पाळ्या त्यावरच कळतात. कारखाना बंद ठेवायचा असला, वीज नाही म्हणून का होईना, तर आत्या फाटकाशी उभी राहून स्वतः सांगते. तो तयार निरोप तिने काढून टाकला. ॲपमध्ये नवं काही घालायचं झालं की आधी आपल्या घरच्यांनाच निरोप येतात. टेस्ट सर्व्हर अजून नमुन्याच्या मागाशेजारी चालू आहे. त्यात तुमची सगळ्यांची नावं आहेत आणि रोज तुमची गैरहजेरी लागते.