आराखड्यातली माणसे

माझ्या भाचीने, मुग्धाने, घरोघरी कुकर-मिक्सर दुरुस्त करणारी कंपनी काढण्यासाठी नोकरी सोडली. गुंतवणूकदारांनी तिचा व्यवसाय-आराखडा दोनदा परत पाठवला. आता शेवटची संधी उरली आहे. शिक्षकी सवयीने मी दोन्ही वेळा समास आखले, शीर्षके अधोरेखित केली. गुंतवणूकदारांचा शेरा मात्र तोच: ‘ग्राहक कोण?’

आज वैतागून खिडकीशी उभा राहिलो. खाली पदपथावरचे कुकर दुरुस्त करणारे चाचा एका बाईंना विचारत होते, “ताई, घरात माणसं किती? डाळ रोज लावता का?” पाना त्यांनी त्यानंतरच हातात घेतला.

मी मागे वळून टेबलाशी बसलेल्या भाचीला म्हणालो, “मुग्धा, तू किती जणींना असं विचारलंस?”

“मामा, तुम्ही तरी कुठे विचारायला सांगितलंत?”

चाळीस पाने मी तपासली होती. त्यांत एकही माणूस बोलत नव्हता. मी लाल पेनाला टोपण लावले आणि चपला शोधू लागलो.