फ्लूची साथ आणि लघवीची बाटली

कंपाउंडरला पगार बेताचाच मिळतो, किस्से मात्र ढीगभर! सत्तावन्न साली फ्लूची साथ आली, तेव्हा मी अकोल्याकडच्या मालेगावला एका डॉक्टरांकडे होतो. तरणी माणसं चार दिवस कण्हून उठत. म्हाताऱ्यांचा ताप उतरायचा आणि लघवीच बंद व्हायची! डॉक्टर म्हणायचे, "किडनी थकली. लघवी आली तर माणूस हाती लागला." म्हणून मी मिक्श्चरच्या बाटल्यांवर डोसाची असते तशी लघवीच्या बाटल्यांवरही खुणांची कागदी पट्टी चिकटवायचो.

*

पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्यानं वडिलांची बाटली भरून आणली, पट्टी न्याहाळली आणि विचारलं, "साहेब, हे बुढ्याले जेवनाआधी द्याचं का जेवनानंतर?"

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

*

एक आजी पाण्याला शिवेना. "तापात पानी पेलं का मानूस मरते!"

डॉक्टर चिडले. "कोण मेलं पाण्यानं?"

"माहा दीर."

"तापात?"

"नाई, हिरीत."

*

एका घरून बाटली गळ्यापर्यंत भरून आली. डॉक्टर जाम खूश! मग मुलगा लाजत म्हणाला, "बाबाची दोन बोटंच झालती. मंग आमी तिघा भावांनी हात लावला. घरचंच हाय, साहेब!"

त्या दिवशी मी डॉक्टरांच्या तोंडून नवे शब्द शिकलो.

*

किसनबुवांची बायको मात्र दवाखान्यातच खाटेवर होती; दोन दिवस थेंब नव्हता. डॉक्टरांनी बुवांना बाहेर नेऊन सांगितलं, "आज नाही झाली तर अकोल्याला न्या. पण तिथंही काही खरं नाही."

बुवा आत येऊन मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायला बसले. स्वतः सकाळपासून उपाशी!

"पे ना वं, एक चमचा."

"काहून जीव खाऊन राह्यले माहा?"

"पेशीन तं नाई खानार."

दुपारी म्हातारीनं स्वतः बाटली मागितली. पट्टीची अर्धी खूण भरली! डॉक्टरांनी माझ्या पाठीत धपकन थाप मारली. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

पण बुवा कुठं आहेत? शोधत मी त्यांच्या गल्लीत गेलो. पठ्ठ्या गुळाची भेली फोडून दारोदार वाटत होता!

शेजारीण म्हणाली, "काय बुवा, नातू झाला का?"

"नाई वं," बुवा डोळे पुसत ओरडले, "बुढी मुतली!"