बोथच्या अलीकडे बंद पडलेली गाडी

पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं तेलुगू होतात, माती मात्र आपल्याकडचीच काळी राहते. मे महिना होता. शेजारी माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई पदराने वारा घेत बसली होती. आम्ही दोघी वर्ध्याहून बोथला निघालो होतो. तिथे मावशीचं घर होतं, पण ते फक्त त्या दुपारपर्यंत. मावसभावाने ते विकलं होतं आणि मावशीला तो कायमचा हैदराबादला नेणार होता. माझे वडील गेल्यावर मावशीने आम्हा मायलेकींना दोन वर्षं त्याच घरात सांभाळलं. "एकदा तिच्या चुलीपाशी बसून चहा पिते," एवढंच आईचं मागणं होतं.

जैनथच्या बाजूला कापसाची रानं नांगरून उन्हात तापत पडली होती. इचोड्याला ट्रकच्या गर्दीत जागा शोधून आम्ही गरम मिरचीभजी खाल्ली, सोबत टोमॅटोची पच्चडी (आंबटतिखट चटणी). भजी झकास होती. निघताना मात्र गाडीने पहिल्यांदा छळलं. किल्ली पाच-सहा वेळा फिरवली तेव्हा कुठे इंजिन लागलं.

मला कारण ठाऊक होतं. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. गाडी चालू असताना पाणी आणि वारा इंजिनची उष्णता वाहून नेतात. ती बंद पडली की तेही थांबतं, आणि थोडा वेळ इंजिन उलट जास्तच तापतं. नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊ लागते. पंप जुना झाला असेल तर त्याला पुरेसा दाब देता येत नाही. थंड झाली की तीच गाडी शहाण्यासारखी सुरू होते. हे सगळं मी वर्कशॉपमध्ये दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी गाडी रात्रभर ठेवून सकाळी तपासली. सकाळी ती सुरू होणारच. "गाडीत दोष नाही मॅडम, क्लच लवकर सोडत असाल," असं सांगून त्यांनी माझी बोळवण केली. तीस वर्षं गाडी चालवते मी.

बोथच्या रस्त्याला लागल्यावर एका अरुंद पुलावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी वेग कमी केला आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. मागे एक मोठी जीप येऊन थांबली. तीतून पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ उतरले.

"मॅडम, किल्ली दीजिए. आपसे नहीं होगा."

"इंजिन गरम आहे. पंधरा मिनिटं थांबू द्या. आत्ता फिरवलं तर बॅटरी जाईल," मी म्हणाले.

त्यांनी मला बाजूला केलं, सीटवर बसले आणि किल्ली फिरवत राहिले. मी दोनदा थांबवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शेवटी नुसती टकटक ऐकू येऊ लागली. "बॅटरी वीक है," असा निकाल देऊन ते उतरले. गाडी पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला ढकलून घेतली, ती त्यांच्या जीपला वाट हवी म्हणून. मग ते निघून गेले.

बाजूला वांग्याच्या मळ्यात एक नवराबायको काम करत होते. बाई बांधावर आली.

"माय, उनात काऊन उभ्या राह्यल्या? आमच्या सावलीत या."

तिचं नाव सरूबाई. तिने आईला मोहाच्या झाडाखाली गोणपाटावर बसवलं आणि लोटाभर चल्ला (ताक) दिलं. "बोथले जाऊन राह्यल्या का? आमी नेलं असतं, पण आमची गाडी बाजारात गेली," तिचा नवरा म्हणाला. मी मावशीला फोन लावत होते, तो लागत नव्हता.

बऱ्याच वेळाने बोथकडून एक मोटार आली. टपावर गाद्या आणि ट्रंक बांधलेली होती. ती पुढे गेली, थांबली आणि मागे आली. मागच्या खिडकीतून मावशीने आईला ओळखलं होतं.

"अक्का, तू अशी रस्त्यावर?"

"तुझ्याकडेच येऊन राह्यली होती," आई म्हणाली.

दोघी मोहाखाली बसल्या. मावशीने आईचा हात सोडला नाही. माझा मावसभाऊ घड्याळ पाहत होता. "आई, नवे मालक घराची किल्ली घेऊन गेले. आता परत जाता येत नाही. हैदराबाद लांब आहे." त्याने त्याच्या बॅटरीला तारा जोडून माझी गाडी सुरू करून दिली. तोवर इंजिन थंड झालं होतं, ते लगेच लागलं. ते इतकं सहज लागलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मावशी गेल्यावर आई म्हणाली, "बोथ पाहूनच जाऊ." घरासमोर मी थांबले, पण इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही. स्टेअरिंग धरून बसून राहिले. आई एकटी पायऱ्या चढली, दाराला हात लावून थोडी उभी राहिली आणि परत आली. वर्ध्यापर्यंत मी गाडी कुठे बंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शहरभर फिरवून तापलेली गाडी मी वर्कशॉपच्या दारात बंद केली आणि किल्ली फोरमनच्या हातात दिली. त्याच्याच्याने ती सुरू झाली नाही. संध्याकाळी पंप बदलून मिळाला. मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला बोथची हकीकत सांगितली, एक शब्द न गाळता.

त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मॅडम, शेवटी पोचलात ना?"

"पोचलो," मी म्हणाले. "कुलूप पाहून आलो."