शेवटचं पोस्टिंग, चारकोप

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या जनरलसाहेबांइतका पाहुण्यासारखा राहणारा घरमालक मी आजवर पाहिलेला नाही. फ्लॅट त्यांचा, वीजबिल त्यांच्या नावावर, सोसायटीच्या पाटीवर आडनाव त्यांचं; पण स्वतःच्या सोफ्यावर ते असे बसतात की आता कुणीतरी आतून येऊन त्यांना भेटीला बोलावणार आहे. लेफ्टनंट म्हणून सैन्यात शिरलेला हा माणूस लेफ्टनंट जनरल होऊन बाहेर पडला. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत त्यांनी बर्फ पाहिलं, वाळवंट पाहिलं, ईशान्येकडची जंगलं पाहिली. आधी पलटण सांभाळली, मग ब्रिगेड, मग डिव्हिजन आणि शेवटी एक अख्खी कोअर. एवढ्या हुद्द्याची माणसं निवृत्तीनंतर डेहराडूनला नाहीतर पुण्याला बंगला बांधतात. हे कांदिवलीला चारकोपमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, कारण वहिनींचं माहेर इथलं. त्यांचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते; गिरणी बंद पडल्यावर कुटुंब इथल्या एका सेक्टरात आलं आणि वहिनींच्या दोन्ही बहिणी अजून हाकेच्या अंतरावर राहतात.

माझी हयात वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. शेजारी जनरल राहायला आले म्हटल्यावर मी रविवारच्या पुरवणीसाठी त्यांची मुलाखत घ्यायला गेलो. त्यांनी ज्या उंच चौकीवर हिवाळा काढला आणि जिथे त्यांना पदक मिळालं, तिथे नेमकं काय घडलं, एवढंच मला हवं होतं. साहेब तासभर खेचरांवर बोलले. कोणतं खेचर चढावर बसकण मारायचं, कोणतं फक्त एका हवालदाराच्या हातचा गूळ खायचं, कोणाला उजवीकडची दरी आवडायची नाही. मी विचारलं, गोळीबार झाला होता ना? ते म्हणाले, “झाला. पण खेचरं बिचकली नाहीत.” मुलाखत छापली गेली नाही. ते पदक वहिनींनी कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेलं आहे, असं पुढे कळलं.

वेळेच्या बाबतीत साहेबांशी कुणी वाद घालत नाही, कारण वाद घालायला कुणी वेळेवर हजरच नसतं. दुसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता तेव्हा सातचं बोलावणं होतं. साहेब पाच मिनिटं आधी पोचले, बंद दाराबाहेर उभे राहिले आणि सातला बेल वाजवली. यजमान टॉवेलवर होते. भटजी बोरिवलीत होते. साहेबांनी प्रसादाचा शिरा परतू लागायची तयारी दाखवली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं तेव्हा त्यांनी सेक्रेटरींना आणि ठेकेदाराला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. तिथे वाळू पसरून त्यांनी आमच्या इमारतीचा नकाशा उभा केला होता: टाकीच्या जागी साबणाचा डबा, गळक्या कोपऱ्यांना कुंकू, पावसाच्या दिशेला एक वाटाणा. सैन्यात कुठलीही मोहीम अशी आधी वाळूत होते. ठेकेदार पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होता, “यार, त्यांनी मला हल्ला कुठून करायचा ते दाखवलं.” गच्ची मात्र तेव्हापासून गळलेली नाही.

वहिनींचा स्वभाव याच्या अगदी उलट. सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा मारायची सोय नसते, मारला तर निघताना बुजवून द्यावा लागतो. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ड्रिलवाल्याला बोलावलं. दिवसभर तो भोकं पाडत होता आणि वहिनी त्याला चहा देत होत्या. काय काय टांगायचंय, असं माझ्या बायकोने विचारलं, तर म्हणाल्या, ते अजून ठरलं नाही, भोकं तरी असू देत.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग तिसरं वर्ष लागलं.

फौजेत साधारण दोन-तीन वर्षांनी बदली येते. बदली आली की आपला सगळा कारभार येणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवून, समजावून त्याच्या हवाली करायचा, मग निघायचं. साहेबांना इथे कसला हुकूम येणार होता? पण अंगात मुरलेलं कॅलेंडर निवृत्त झालेलं नव्हतं. आधी त्यांनी माझं स्टूल परत केलं. मग सेक्रेटरींचा पाना. एका सकाळी त्यांनी मला घरात नेलं आणि कोणती खिडकी पावसात फुगते, गिझरचं बटण कितीदा दाबावं लागतं, मोरीचा नळ कोणत्या बाजूला घट्ट आहे, हे सगळं दाखवलं. मी मान डोलावत होतो. घराबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी नुकताच चार्ज घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनशी हस्तांदोलन करून त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या.

इमारतीत बातमी पसरायला एवढं पुरेसं होतं. दोन इस्टेट एजंट येऊन बेल वाजवून गेले. तेव्हा वहिनी नेमक्या बहिणीकडे होत्या. त्यांना ही बातमी गेटपाशी कोळणीकडून कळली. ही चारकोप गावातली म्हातारी साहेबांनासुद्धा ‘म्हावरा घेतंस का नुसता बघतंस’ असं विचारते. ती वहिनींना म्हणाली, “घर विकताव म्हनं? मंग बोंबील आता कोनाला देऊ?”

वहिनी वर आल्या तेव्हा मी साहेबांकडे चहा पीत बसलो होतो. मी उठायला लागलो, तर त्यांनी मला बसा म्हटलं. पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी साहेबांना सरळ विचारलं, काय ठरवलंय? साहेब खोटं बोलत नाहीत. डेहराडूनला त्यांच्या तुकडीतल्या मित्राच्या बंगल्याशेजारचा प्लॉट रिकामा होता. त्यांनी फोनवर हो म्हणून टाकलं होतं. हवा चांगली आहे, म्हणाले. जुनी माणसं आहेत. आणि इथे आता तीन वर्षं होत आली.

वहिनी एरवी अगदी प्रमाण मराठी बोलतात. त्या दिवशी माहेरचं बोलल्या.

“तुमची बदली झाली आसात तर तुमी जावा. माजी नाय झाली.”

हजारो माणसांना एका शब्दावर हलवणारा तो माणूस कपातला चहा ढवळत राहिला. वहिनींचा आवाज चढलेला नव्हता. त्या पिशवीतून बोंबील काढून ताटात ठेवत होत्या. एवढ्या वर्षांत दर बदलीला त्या निमूटपणे निघाल्या होत्या. या वेळी त्या निघणार नाहीत, हे साहेबांना कळत होतं, आणि वहिनींशिवाय कुठे कसं जायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

कप खाली ठेवून साहेबांनी विचारलं, “म्हणजे इथेच?”

“इथेच.”

“किती वर्षं?”

“आता मोजू नका,” वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी त्याच संध्याकाळी डेहराडूनला फोन करून नाही सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, घरून मंजुरी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी माझ्याकडून स्टूल पुन्हा नेलं.

पुढचे काही दिवस मात्र ते जरा हरवल्यासारखे होते. मग त्यांनी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात फणसाचं रोप लावलं. माळी म्हणाला, साहेब, फळ धरायला सात-आठ वर्षं तरी लागतील. साहेब म्हणाले, हरकत नाही. परवा सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. रोपाला एक नवं पान आलं होतं, अजून दुमडलेलं, तेलकट चकचकीत. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. नोकरीत असताना ते जिथे जिथे पाहणीला जात, तिथे त्यांच्या हातून एक झाड लावून घेतलं जायचं, म्हणाले. नावाची पाटी तयारच असायची, आणि पाणी घातलं की गाडी निघायची.

“मी लावलेल्या झाडाचं नंतर काय होतं,” ते म्हणाले, “ते मी पहिल्यांदाच बघतोय.”